सर्व्हरची डिस्क भरली म्हणून काय उडवायचं? स्नॅपशॉट आणि बॅकअपमधला फरक पतसंस्था-डेअरीच्या सभासदांनीही समजून घ्यावा

महिन्यातून तीनदा, दहा-दहा दिवसांनी डेअरीत दूधबिलं निघतात. त्या सकाळी ऑपरेटर स्क्रीनकडं बघून 'डिस्क फुल म्हणतंय' असं बोलला, तर बाहेर ओट्यावर बसलेल्यांना त्यात विशेष काही वाटत नाही. तासाभरात बिल निघतं, विषय मिटतो. पतसंस्थेतही तीच गत. मार्च एंडच्या गडबडीत सॉफ्टवेअर अडकतं, सचिव तालुक्याच्या हार्डवेअरवाल्याला फोन लावतो, तो फोनवरच सांगतो की अमुक फोल्डर उडवा, जागा होईल. जागा होते. कॉम्प्युटर पळायला लागतो.

त्या घाईत नेमकं काय उडवलं, हे कुणी बघत नाही. ते कळतं पुढं कधीतरी, जेव्हा डिस्क खरोखर बंद पडते आणि 'बॅकअप काढा' म्हटल्यावर बॅकअप सापडत नाही. मग पिग्मीची रक्कम, ठेवीचं व्याज, भरलेले कर्जाचे हप्ते, दुधाचं फॅट-एसएनएफ हे सगळं पासबुकात आणि पावत्यांच्या गठ्ठ्यात शोधायची वेळ येते. ज्यानं पावती जपली तो वाचतो. ज्याची पावती खिशात धुऊन निघाली त्यानं काय करायचं?

हा विषय कॉम्प्युटरवाल्यांचा वाटतो, पण आत ठेवलेला हिशोब सभासदांचा आहे. म्हणून विंडोज सर्व्हरमध्ये जुना डेटा दोन वेगळ्या पद्धतीनं कसा ठेवला जातो, त्यातलं काय उडवलं तर चालतं आणि कशाला हात लावायचा नसतो, हे समजून घेऊया.

स्नॅपशॉट म्हणजे ड्रॉवरमधल्या चिठ्ठ्या

सर्व्हर म्हणजे काही वेगळं यंत्र नव्हे. संस्थेच्या मुख्य शाखेत टेबलाखाली किंवा मागच्या खोलीत एक जरा दणकट कॉम्प्युटर असतो, बाकीचे कॉम्प्युटर त्याला जोडलेले असतात आणि सगळ्यांचा डेटा त्याच्याच डिस्कवर बसतो. त्यावर बहुतेक ठिकाणी मायक्रोसॉफ्टचं विंडोज सर्व्हर चालतं.

या विंडोजमध्ये स्नॅपशॉट घेण्याची सोय आहे. तिला 'शॅडो कॉपी' म्हणतात. विंडोज एक्सपी आणि सर्व्हर २००३ च्या काळापासून ती आहे. नावात 'कॉपी' असल्यामुळं बऱ्याच जणांची समजूत होते की सगळ्या डेटाची दुसरी प्रत तयार झाली. तसं होत नाही. इथंच सगळी गफलत होते.

जुन्या खतावणीचं उदाहरण घ्या. समजा, दुपारी बारा वाजता सचिवानं ठरवलं की आत्ताची खतावणी जशी आहे तशी लक्षात ठेवायची. त्यासाठी त्यानं अख्खी वही उतरवून काढली नाही. त्यानं एवढंच केलं, की बारानंतर ज्या ओळीत खाडाखोड करायची असेल, त्या ओळीतला जुना आकडा आधी एका चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठी ड्रॉवरमध्ये टाकायची आणि मगच वहीत नवा आकडा मांडायचा. संध्याकाळी कुणी विचारलं, 'बारा वाजता काय स्थिती होती?' तर वही उघडायची आणि जिथं बदल झालाय तिथं चिठ्ठीवरचा आकडा वाचायचा. जिथं बदल झाला नाही तिथं वहीतलाच आकडा खरा.

विंडोजचा स्नॅपशॉट असाच चालतो. डिस्कचे १६ केबीचे लहान तुकडे धरले जातात. एखादा तुकडा बदलायच्या आधी त्यातला जुना मजकूर वेगळ्या जागी उतरवला जातो. म्हणून स्नॅपशॉट क्षणात होतो आणि सुरुवातीला जागाही जवळजवळ खात नाही.

आता याच उदाहरणात वही जळाली असं समजा. ड्रॉवरमध्ये चिठ्ठ्या शिल्लक आहेत, पण त्यांच्यावर फक्त बदललेल्या ओळी आहेत. बाकीची खतावणी कुठून आणणार? त्यात ड्रॉवरही त्याच टेबलाचा, म्हणजे बहुतेक चिठ्ठ्याही जळाल्याच. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो, डिस्क गेली की तोही जातो. म्हणून स्नॅपशॉट हा बॅकअप नाही. ऑपरेटरनं संस्थेला 'आपले रोज दोन स्नॅपशॉट होतात, काळजी नको' असं सांगितलं असेल तर काळजी करायला पाहिजे.

मग त्याचा उपयोग काय? चुकीसाठी. कुणी ठरावाची फाइल चुकून उडवली, यादीची एक्सेल फाइल भलत्याच आकड्यांनी सेव्ह केली, तर त्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये 'प्रीव्हियस व्हर्जन्स' उघडायचं. तिथं तारीख-वेळेसह जुन्या अवस्था दिसतात, त्यातली फाइल बाहेर काढता येते. पाच मिनिटांचं काम. त्यासाठी अख्खा बॅकअप उतरवायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र सेटिंगमध्ये बघून घ्यायची. सर्व्हरवर ही सोय नुसती चालू केली आणि वेळापत्रकाला हात लावला नाही, तर स्नॅपशॉट सोमवार ते शुक्रवार, सकाळी ७ आणि दुपारी १२ ला होतात. शहरातल्या ऑफिसला ते ठीक आहे. पण म्हशीला शनिवार-रविवारची सुट्टी नसते. संध्याकाळचं संकलन आणि शनिवार-रविवारचं दूध या वेळापत्रकात येत नाही. डेअरीनं ते बदलून रोज दोन्ही वेळच्या संकलनानंतरचं करून घ्यावं. पतसंस्थेनं पिग्मीचा भरणा झाल्यानंतरची वेळ घालावी.

डिस्क भरली, पण फाइल कुठंच दिसत नाही

आता त्या 'डिस्क फुल'कडं येऊ. पाचशे जीबीची डिस्क, सगळ्या फोल्डरची बेरीज केली तर साडेतीनशे भरते, तरी डिस्क काठोकाठ. ऑपरेटर बावचळतो, कुणी म्हणतं व्हायरस आहे. बऱ्याचदा ही जागा ड्रॉवरमधल्या चिठ्ठ्यांनी खाल्लेली असते. 'सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' नावाचं एक लपवलेलं फोल्डर प्रत्येक डिस्कवर असतं, चिठ्ठ्या त्यात साठतात. ते फोल्डर साध्या माणसाला उघडत नाही आणि ते बरंच आहे.

काही हुशार मंडळी इंटरनेटवर वाचून त्या फोल्डरची परवानगी बदलतात आणि आतल्या फाइल हातानं उडवतात. हे अजिबात करू नये. हिशोब विंडोजकडंच मागायचा. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून काळी खिडकी, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट उघडून 'व्हीएसएसॲडमिन लिस्ट शॅडोस्टोरेज' ही आज्ञा दिली की तीन आकडे येतात. किती जागा प्रत्यक्ष वापरली, किती राखून ठेवली आणि जास्तीत जास्त किती वापरायची मुभा आहे. त्यातल्या तिसऱ्या आकड्यासमोर 'अनबाउंडेड' असं आलं तर कुणीतरी मर्यादाच काढून टाकली आहे. साधारणपणे ती डिस्कच्या १० टक्के असते. किती स्नॅपशॉट आहेत आणि कुठल्या तारखांचे, हे बघायला त्याच आज्ञेत शेवटी शॅडोस्टोरेजच्या जागी 'शॅडोज' म्हणायचं.

मर्यादा कमी करायची तर 'रिसाइझ शॅडोस्टोरेज' ही आज्ञा आहे. पण इथं घाई नको. मर्यादा एकदम खाली आणली की त्यात न मावणारे जुने स्नॅपशॉट आपोआप जातात आणि परत येत नाहीत. एरवीही जागा भरली की विंडोज सगळ्यात जुना स्नॅपशॉट स्वतःच काढतं. शेअर केलेल्या फोल्डरसाठी एका डिस्कवर ६४ पर्यंतच स्नॅपशॉट राहतात, पुढचा आला की जुना जातो. म्हणजे शिस्तीत मर्यादा घातली असेल तर हातानं साफसफाई करायची वेळच यायला नको.

धोका असतो तो एकदम मोठी उलथापालथ झाल्यावर. वर्षअखेरचं व्याज सगळ्या खात्यांवर एकाच रात्री चढवलं, किंवा सॉफ्टवेअरवाल्यानं नवीन आवृत्ती टाकताना अख्खा डेटा फिरवला, की हजारो ओळी एका झटक्यात बदलतात आणि तितक्या चिठ्ठ्या लिहाव्या लागतात. चिठ्ठ्यांची जागा वेळेत वाढली नाही तर विंडोज त्या डिस्कवरचे सगळेच स्नॅपशॉट सोडून देतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये त्याची नोंद 'व्होल्सनॅप'च्या नावानं, २५ नंबरची पडते. पण ती रोज उघडून बघतंय कोण? ३१ मार्चच्या रात्री, जेव्हा जुन्या अवस्थेची सगळ्यात जास्त गरज पडू शकते, नेमके तेव्हाच स्नॅपशॉट दगा देऊ शकतात. म्हणून मोठं काम हाती घ्यायच्या आधी पूर्ण बॅकअप घ्यायचा, तोही मशीनच्या बाहेर.

बॅकअप कुठं आहे, हे विचारा

बॅकअप म्हणजे अख्खी वही उतरवून दुसऱ्या घरात ठेवलेली प्रत. विंडोज सर्व्हरमध्ये त्यासाठी 'विंडोज सर्व्हर बॅकअप' हे साधन मिळतं. वेगळे पैसे पडत नाहीत, फक्त ते सर्व्हर मॅनेजरमधून आधी बसवून घ्यावं लागतं. कित्येक ठिकाणी ते बसवलेलंच नसतं.

त्याला एक वेगळी यूएसबी डिस्क नेमून दिली की ते ती डिस्क पूर्ण फॉरमॅट करतं. तिच्यावर लग्नाचे फोटो असतील तर गेले. पुढं ती डिस्क 'धिस पीसी'मध्ये दिसतही नाही, त्यामुळं 'डिस्क खराब झाली' म्हणून ती काढून फेकणारेही आहेत. ती खराब नसते, मुद्दाम लपवलेली असते.

याच डिस्कवर रोजच्या बॅकअपच्या जुन्या आवृत्त्या राहतात आणि त्या राहतात स्नॅपशॉटच्याच पद्धतीनं. त्यामुळं कुणी जागा करायला बॅकअपच्या डिस्कवरचे शॅडो उडवले, तर जुन्या तारखांचे बॅकअपही त्याबरोबर जातात. नेमून दिलेल्या डिस्कवर जागा संपली की विंडोज जुन्या आवृत्त्या स्वतःच काढत जातं. तरीही हातानं कमी करायच्याच असतील तर त्याची योग्य आज्ञा 'डब्ल्यूबीॲडमिन डिलीट बॅकअप' ही आहे. त्यात शेवटच्या किती आवृत्त्या ठेवायच्या हे सांगता येतं. 'विंडोजइमेजबॅकअप' फोल्डरमध्ये घुसून मोठ्या दिसतील त्या फाइल उडवणं म्हणजे खांब कापून जागा करणं.

बॅकअप नेटवर्कवरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरच्या फोल्डरमध्ये जात असेल तर आणखी एक खोच आहे. तिथं फक्त शेवटचा एकच बॅकअप राहतो. नवा जुन्यावर चढतो. सोमवारी डेटा बिघडला, कुणाच्या लक्षात आलं नाही आणि मंगळवारी रात्री बॅकअप झाला, तर चांगला जाऊन त्या जागी बिघडलेला बसला. यावर साधा उपाय आहे. सात वारांची सात फोल्डर करायची आणि टास्क शेड्युलरमधून रोजचा बॅकअप त्या-त्या वाराच्या फोल्डरमध्ये पाठवायचा. आठवड्याचं मागं जाता येतं.

याशिवाय तिसरी चीज म्हणजे संस्थेच्या सॉफ्टवेअरचा स्वतःचा बॅकअप. रोज संध्याकाळी 'डे एंड' करताना ऑपरेटर बटण दाबतो आणि डॉट बॅक अशा शेपटीची फाइल तयार होते. डेटाबेस एसक्यूएल सर्व्हरचा असेल तर खरा जीव या फाइलमध्ये असतो. अडचण अशी, की ही फाइल बहुतेक ठिकाणी त्याच सर्व्हरच्या डी ड्राइव्हमध्ये पडते. वर्षभराच्या तीनशे फाइल तिथंच साठतात आणि डिस्क भरण्याचं दुसरं मोठं कारण तेच होतं. म्हणजे एकाच कोठीत बियाणंही आणि बियाण्याची राखीव पोतीही. घूस लागली तर दोन्हीला लागणार.

डिस्क खाणारी तिसरी फाइल एलडीएफ शेपटीची, डेटाबेसच्या लॉगची. मूळ डेटा पाच जीबी आणि लॉग साठ जीबी, असं चित्र दिसू शकतं. डेटाबेस 'फुल रिकव्हरी' मोडवर ठेवलेला असतो, पण लॉगचा बॅकअप कुणी घेत नाही, म्हणून तो फुगत जातो. ही फाइल कचरा नाही. ती उडवली तर डेटाबेस उघडेनासा होऊ शकतो. सॉफ्टवेअरवाल्याला बोलावून लॉगचा बॅकअप लावून घ्यायचा किंवा संस्थेची गरज बघून मोड बदलून घ्यायचा. ते त्याचंच काम आहे, त्याला दरवर्षी देखभालीचे पैसे मिळतात.

काही मोठ्या संस्थांत एकाच मशीनवर हायपर-व्ही वापरून दोन-तीन सर्व्हर चालवलेले असतात. तिथल्या स्नॅपशॉटला 'चेकपॉइंट' म्हणतात आणि त्याच्या एव्हीएचडीएक्स शेपटीच्या फाइल तयार होतात. चेकपॉइंट घेतल्यानंतरचा सगळा नवा डेटा त्या फाइलमध्ये असतो. ती हातानं उडवली तर त्या दिवसापासूनचं सगळं जातं. हायपर-व्ही मॅनेजरमधून चेकपॉइंट डिलीट करायचा, म्हणजे तो मूळ फाइलमध्ये मिसळतो. त्याला वेळ लागतो, मध्येच मशीन बंद करायचं नाही.

मग उडवायचं काय?

आधी मशीनच्या बाहेर एक चांगला, उघडून बघितलेला बॅकअप आहे याची खात्री. ती नसेल तर काहीच उडवायचं नाही, त्या दिवशी दुसरी डिस्क विकत आणायची. नवी यूएसबी डिस्क काही हजारांत येते. संस्थेच्या सभेच्या चहा-नाश्त्याला त्याहून जास्त जातात.

खात्री झाली की पहिला नंबर जुन्या डॉट बॅक फाइलचा. त्याही सरसकट नाही. शेवटच्या आठवड्याच्या रोजच्या, महिन्याभरातल्या आठवड्याला एक, वर्षभरातल्या महिनाअखेरच्या आणि प्रत्येक ३१ मार्चची फाइल ठेवली तर बहुतेक संस्थांचं भागतं. ३१ मार्चच्या फाइलला कधीच हात लावू नये. लेखापरीक्षण लांबतं, तक्रार दोन वर्षांनी येते, तेव्हा तीच उपयोगी पडते. त्यानंतर विंडोजच्या तात्पुरत्या फाइल, डाउनलोड फोल्डरमधलं ऑपरेटरनं भरलेलं गाणी-सिनेमांचं सामान. मग शॅडो कॉपीची मर्यादा बघायची. त्यातही 'ऑल' लावून सगळे शॅडो उडवण्यापेक्षा 'ओल्डेस्ट' लावून एकेक जुना काढावा.

ठरावीक दिवसांपेक्षा जुन्या फाइल आपोआप उडवणारी छोटी स्क्रिप्ट काही जण लावून देतात. सोय चांगली आहे, पण तिच्यावर नजर पाहिजे. जपानच्या क्योटो विद्यापीठात डिसेंबर २०२१ मध्ये दहा दिवसांपेक्षा जुन्या लॉग फाइल काढणाऱ्या स्क्रिप्टमध्ये बदल करताना चूक झाली आणि महासंगणकावरचा सुमारे ७७ टीबी डेटा उडाला. चौदा संशोधन गटांना फटका बसला, त्यातल्या काहींचा डेटा परत आलाच नाही. तो सर्व्हर विंडोजचा नव्हता, पण चूक कुठल्याही मशीनवर होऊ शकते अशीच होती. आपल्याकडं स्क्रिप्ट लावायची तर एक अट घालावी. नवीन बॅकअप झाला नसेल तर जुना उडवायचा नाही. नाहीतर बॅकअप महिनाभर बंद पडलेला असतो आणि स्क्रिप्ट मात्र इमानेइतबारे जुने उडवत राहते.

चोर आधी ड्रॉवरकडं जातो

१२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. कॉम्प्युटरमधल्या फाइल कुलूपबंद करायच्या आणि किल्लीसाठी पैसे मागायचे, हा त्याचा धंदा. मायक्रोसॉफ्टनं त्या भगदाडावरचा पॅच १४ मार्चलाच दिला होता, पण लाखो मशीनवर तो टाकलेला नव्हता. या व्हायरसनं विंडोजच्याच आज्ञा वापरून शॅडो कॉपी उडवल्या आणि विंडोज बॅकअपची यादीही पुसली. म्हणजे आपण जागा करायला जी आज्ञा देतो, तीच चोरही देतो. त्यानंतरचे बहुतेक खंडणीखोर व्हायरस हेच करतात.

कायम सर्व्हरला लावून ठेवलेली यूएसबी डिस्क किंवा पेनड्राइव्ह अशा वेळी वाचत नाही, कारण व्हायरसला ती दुसऱ्या ड्राइव्हसारखीच दिसते. त्यासाठी निदान एक प्रत तार काढून ठेवलेली हवी. दोन डिस्क घ्यायच्या, एक आठवडा एक लावायची, दुसरी वेगळ्या इमारतीत, शक्यतो दुसऱ्या शाखेच्या तिजोरीत. शुक्रवारी अदलाबदल. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकारानं लोकप्रिय केलेला ३-२-१ चा नियम हाच सांगतो. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. आगीला, पुराला, चोरीला आणि व्हायरसला एकच उपाय.

डिस्क बाहेर नेताना तिच्यात सभासदांचे आधार, पॅन, खात्यातल्या शिलका सगळं असतं, हे विसरायचं नाही. ती मोटरसायकलच्या डिकीत आठवडाभर फिरायची वस्तू नाही. विंडोजमधल्या बिटलॉकरनं तिला कुलूप लावता येतं. त्याची रिकव्हरी की मात्र कागदावर लिहून तिजोरीत ठेवायची. ती त्याच सर्व्हरवर वर्डच्या फाइलमध्ये ठेवली तर कुलपाची किल्ली कुलपाच्या आत राहिली.

जुनं विंडोज हाही प्रश्न आहे. विंडोज सर्व्हर २०१२ आणि २०१२ आर-टू ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १० ऑक्टोबर २०२३ ला संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. गावोगाव ती मशीनं अजून सुरू आहेत.

डेटा आपल्या गावातल्या मशीनवर नसेल तर प्रश्न सुटतो असंही नाही, प्रश्न बदलतो. विकास सोसायट्यांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटींची योजना केंद्रानं २९ जून २०२२ रोजी मंजूर केली, त्यात ६३ हजार सोसायट्या धरल्या होत्या आणि त्यांचं सॉफ्टवेअर क्लाउडवर चालतं. तिथं बॅकअप वरच्या यंत्रणेनं ठेवायचा असतो. पण एकाच ठिकाणी सगळे जोडलेले असले की फटकाही सगळ्यांना बसतो. जुलै २०२४ च्या अखेरीस छोट्या बँकांना सेवा देणाऱ्या एका कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोर हल्ला झाल्याचं समोर आलं. खबरदारी म्हणून एनपीसीआयनं तिला पेमेंटच्या जाळ्यातून तात्पुरतं तोडलं आणि सुमारे ३०० छोट्या बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडकले. दुसऱ्या दिवशी सेवा पूर्ववत झाली.

उतरवून बघितल्याशिवाय बॅकअप धरू नका

बॅकअप झाला असा हिरवा टिकमार्क दिसतो, म्हणून सगळे निश्चिंत असतात. पण फाइल अर्धवट असू शकते, डिस्कला बॅड सेक्टर पडलेला असू शकतो, लाइट गेल्यामुळं बॅकअप मध्येच तुटलेला असू शकतो. लोडशेडिंगच्या गावात यूपीएसची बॅटरी चार मिनिटं टिकते आणि बॅकअपला चाळीस लागतात. रात्री लाइट असण्याची पाळी कुठल्या आठवड्यात आहे, ते बघून बॅकअपची वेळ ठेवावी. मोटर चालू करायला आपण तेच करतो.

कधीकधी स्नॅपशॉट घेणारी यंत्रणाच बिघडलेली असते. 'व्हीएसएसॲडमिन लिस्ट रायटर्स' म्हटलं की यादी येते. प्रत्येकासमोर 'स्टेबल' आणि 'नो एरर' पाहिजे. एसक्यूएलच्या रायटरसमोर 'फेल्ड' दिसलं तर त्या दिवशीच्या बॅकअपमधला डेटाबेस विश्वासाचा नाही.

खरी परीक्षा मात्र एकच. महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवायचा. चालू सर्व्हरवर नाही, नाहीतर आजच्या डेटावर कालचा चढेल. उतरवलेल्या डेटात तीन-चार सभासदांची खाती उघडायची आणि त्यांच्या पासबुकाशी शिल्लक मिळते का बघायची. डेअरीनं एखाद्या उत्पादकाचं दहा दिवसांचं दूध आणि फॅट पावतीशी ताडून बघायचं. याला अर्धा दिवस जातो. त्याची नोंद एका साध्या वहीत करायची. तारीख, कुठल्या डिस्कवरचा बॅकअप, उतरला का, कोणती खाती तपासली, सही. सचिव बदलला, ऑपरेटर नोकरी सोडून पुण्याला गेला, तरी वही राहते.

सभासदांनी यात काय करायचं? सहकार कायद्यानुसार संस्थेची वार्षिक सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत व्हायला लागते. लाभांश आणि भेटवस्तूवर तासभर बोलणं होतं, त्यात पाच मिनिटं याला द्यावीत. बाहेर ठेवलेला शेवटचा बॅकअप कुठल्या तारखेचा आहे, तो शेवटचा कधी उतरवून बघितला, डिस्क कुणाच्या ताब्यात आहे आणि उद्या सर्व्हर जळाला तर किती दिवसांत काम सुरू होईल, एवढंच विचारायचं. अध्यक्षांना लगेच उत्तर आलं नाही तरी चालेल, ऑपरेटरला पुढं बोलवा, त्याला येतं. आपल्या खात्याचा उतारा मागण्याचा हक्क कलम ३२ नं सभासदाला आहेच. वर्षातून एकदा, ३१ मार्चनंतर, तो शिक्क्यासह घेऊन घरी ठेवावा आणि मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून तो दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलवरही पाठवून ठेवावा.